रिडेव्हलपमेंटमध्ये ‘ग्रीन’ मागायचं म्हणजे नेमकं काय मागायचं?

प्रश्न: ठाण्यात पाचपाखाडीला आमची चार मजली, ४० सभासदांची सोसायटी आहे. प्लॉट साधारण १,६०० चौरस मीटर. रिडेव्हलपमेंटसाठी तीन ऑफर आल्या आहेत. पहिला बिल्डर ‘आयजीबीसी गोल्ड’ देतो म्हणतो, दुसरा ‘गृहा चार स्टार’. तिसरा ग्रीनचं नाव काढत नाही, पण कार्पेट थोडा जास्त देतो. नवी इमारत २२ मजल्यांची, साधारण ८० फ्लॅटची होईल. सभासद विचारतात, या ग्रीनचा आम्हाला राहायला उपयोग काय? कमिटीनं कोणते निकष लावून ऑफर तपासाव्यात?

उत्तर:

सभासद बरोबर विचारत आहेत. त्यांना पटेल असं उत्तर मिळेपर्यंत कुठल्याच ऑफरवर सही करू नका. मी आर्किटेक्ट आहे, ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातच काम करतो आणि रिडेव्हलपमेंटच्या कमिट्यांबरोबर बसणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून माझं मत ठाम झालं आहे. घरात पुढची पन्नास वर्षं उकडणार की नाही, विजेचं आणि टँकरचं बिल किती येणार, हे ठरवणाऱ्या गोष्टी चार-पाचच आहेत, आणि टिपिकल फ्लोअर प्लॅन (जवळजवळ सगळ्या मजल्यांवर तसाच येणारा एका मजल्याचा नकाशा) पक्का झाला की त्यातल्या बहुतेक ठरून जातात. सर्टिफिकेट त्यानंतर येतं. त्यामुळे कमिटीनं आकडे मागायचे ते प्लॅनच्या टप्प्यावर.

आधी सर्टिफिकेटांबद्दल. आयजीबीसी म्हणजे सीआयआय या उद्योगांच्या संघटनेनं २००१ मध्ये सुरू केलेली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. ‘गृहा’ ही टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून आणलेली पद्धत, तिच्यात एक ते पाच स्टार मिळतात. दोन्ही पद्धती अभ्यासानं तयार केलेल्या आहेत आणि त्यांच्यामुळे बांधकामाला शिस्त लागते, हे मी मनापासून सांगतो. दोन्हींत काही अटी सक्तीच्या असतात आणि बाकीचे गुण आपण निवडून जमवायचे असतात. अडचण या निवडीत आहे. बाजार, शाळा, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असले तर अशा पद्धतींत गुण मिळतात, आणि पाचपाखाडीच्या प्लॉटला ते काहीही न करता मिळतात. कमी वासाचा रंग, नळाला एअरेटर, पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर, यांचेही गुण मिळतात. या सगळ्या गोष्टी चांगल्याच आहेत आणि त्या घ्याव्यातच. पण पश्चिमेची बेडरूम रात्री अकरापर्यंत तापलेली राहत असेल, तर तो उकाडा या गुणांनी भरून निघत नाही. गोल्ड मिळालेली आणि तरीही प्रत्येक खोलीत एसी लागणारी घरं मी पाहिली आहेत. सर्टिफिकेट नसतानाही मेमध्ये पंख्यावर झोपता येईल अशी घरंही पाहिली आहेत.

आणखी एक बारकावा. बिल्डर माहितीपत्रकात दाखवतो ते बहुधा प्री-सर्टिफिकेशन असतं, म्हणजे कागदावरच्या डिझाइनला मिळालेली पावती. अंतिम सर्टिफिकेट इमारत पूर्ण झाल्यावर, प्रत्यक्ष काय बांधलं याचे पुरावे दिल्यावर मिळतं. ऑफर वाचताना बिल्डर दोन्हींपैकी कशाची हमी देतो आहे ते नीट बघा.

आता पैशाची बाजू, कारण सभेत पहिला प्रश्न तिथूनच येईल. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, ग्रीन रेटिंगसाठी बेसिक एफएसआयवर (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं त्या मूळ प्रमाणावर) वाढीव एफएसआय मिळतो. सिल्व्हर किंवा तीन स्टारला ३ टक्के, गोल्ड किंवा चार स्टारला ५ टक्के, प्लॅटिनम किंवा पाच स्टारला ७ टक्के. तुमच्या प्लॉटवर बेसिक एफएसआय १.१० धरला तर १,७६० चौरस मीटर होतात आणि त्याचे ५ टक्के म्हणजे ८८ चौरस मीटर, जवळजवळ ९५० चौरस फूट. पाचपाखाडीत एवढ्या जागेची विक्री किंमत काय होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुमच्या प्रकरणात हा लाभ मिळतो की नाही आणि किती मिळतो, हे पीएमसीकडून, म्हणजे सोसायटीनं नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराकडून, लेखी घ्या. मिळत असेल तर पहिल्या दोन्ही बिल्डरांना सरळ सांगा की ग्रीनमुळे मिळणाऱ्या जागेचा पैसा भिंती, खिडक्या आणि प्लंबिंगवर लागलेला आम्हाला दिसला पाहिजे. ‘एवढ्या सुधारणांचा खर्च परवडत नाही’ हे उत्तर आलं की हा हिशेब पुढे ठेवा.

पहिला निकष ऊन. ठाणे साधारण १९.२ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला झुकतो आणि दुपारी जेमतेम ४७ अंशांवर येतो. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा दिला की मार्चमध्ये भर दुपारी तिच्यावर ऊन पडत नाही, आणि थंडीत थोडं ऊन आत येतं, जे आपल्याला हवंच असतं. पश्चिमेचं गणित वेगळं आहे. एप्रिलच्या मध्यावर दुपारी चारला सूर्य सुमारे ४० अंशांवर असतो आणि पाचला २६ अंशांवर. तोच दोन फुटांचा छज्जा चार वाजता साधारण अर्धा मीटर सावली देतो आणि पाच वाजता एक फूटभर. खिडकी १.३५ मीटर उंच असेल तर चारला तिचा निम्म्याहून जास्त भाग उन्हात असतो आणि पाचला पाऊण भाग. पश्चिमेला नुसत्या छज्ज्यानं भागत नाही, ते एवढ्यासाठी.

म्हणून फ्लोअर प्लॅन हातात आला की त्यावर आधी उत्तर दिशेचा बाण शोधा. (माहितीपत्रकातल्या प्लॅनवर तो नसतो अशी वेळ फार वेळा येते. तसं असेल तर प्लॅन परत पाठवा.) मग लाल पेन घेऊन पश्चिमेची बाहेरची भिंत रंगवा आणि तिला लागून कोणत्या खोल्या आहेत ते पाहा. जिना, लिफ्ट, ड्राय बाल्कनी, स्टोअर असं काही तिथे ढकलता आलं तर उत्तम. प्लॉटच तसा असेल आणि बेडरूम पश्चिमेलाच येत असेल, तर तिच्यापुढे किमान चार फुटांची बाल्कनी मागा, नाहीतर खिडकीबाहेर उभ्या पट्ट्या किंवा सरकते लूव्हर मागा. आतले पडदे यासाठी फारसे कामाचे नाहीत. काचेतून उष्णता एकदा आत आली की ती पडदा आणि काच यांच्यामध्ये अडकते आणि खोलीतच उतरते. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर.

दुसरा निकष वारा, आणि त्याच्याबरोबर येणारा पाऊस. आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून आणि पावसाळ्यात नैऋत्येकडून. इथे ठाणे आणि नवी मुंबई यांत फरक पडतो. घोडबंदर रोडला पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे, तो संध्याकाळचं ऊन थोडं लवकर अडवतो आणि वाराही काही प्रमाणात वळवतो. वाशी-कोपरखैरणे-ऐरोलीला पश्चिमेला मोकळी खाडी आणि पूर्वेला पारसिकचा डोंगर, म्हणून तिथे वारा थेट मिळतो, पण ऊनही त्याच बाजूनं थेट येतं. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींच्या रिडेव्हलपमेंटमध्ये हा पेच हमखास येतो, पश्चिम बंद केली तर वारा गेला आणि उघडी ठेवली तर ऊन आलं. तिथे खोल बाल्कनी आणि उभ्या पट्ट्या यांना पर्याय नाही. पाचपाखाडीत चारी बाजूंनी इमारती आहेत, त्यामुळे खालच्या सात-आठ मजल्यांना वारा कमीच मिळणार. तिथल्या सभासदांसाठी तर हा निकष आणखी महत्त्वाचा.

वारा आत यायला खिडकी लागते तशी बाहेर जायलाही लागते. एका लांब कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना फ्लॅट लावले की प्रत्येक फ्लॅटला एकच बाहेरची भिंत उरते, सगळ्या खिडक्या त्याच भिंतीत येतात आणि हवा खेळत नाही. मजल्यावर चार फ्लॅट असतील तर बहुतेकांना कोपरा मिळतो आणि दोन बाजूंनी खिडक्या येतात. कमिटीनं इथे आग्रह धरावा: प्रत्येक फ्लॅटला निदान दोन दिशांना उघडणाऱ्या खिडक्या. संडास-बाथरूमच्या डक्टमध्ये उघडणारी खिडकी यात मोजायची नाही.

आता खिडकी जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. ऊर्जा दक्षता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. आपल्या उष्ण-दमट हवामानासाठी तिची शिफारस अशी की उघडता येणारं खिडकी-दारांचं क्षेत्रफळ कार्पेटच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावं. ‘उघडता येणारं’ यावर बोट ठेवा. ६० चौरस मीटर कार्पेटचा टू बीएचके घ्या. हॉलला २.४ बाय २.१ मीटरची फ्रेंच विंडो, दोन बेडरूमना १.८ बाय १.३५ च्या खिडक्या, किचनला १.२ बाय १.०५, दोन बाथरूमना छोट्या खिडक्या. सगळं मिळून १२ चौरस मीटरच्या वर जातं, आणि बिल्डर तुम्हाला हाच आकडा सांगतो. पण दोन शटरची स्लायडिंग खिडकी कधीही निम्मीच उघडते. तसा हिशेब केला तर उघडणारं क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटर भरतं, कार्पेटच्या सुमारे ११ टक्के. त्याच भिंती आणि तीच मापं ठेवून बेडरूम-किचनला बाहेर उघडणाऱ्या दाराच्या खिडक्या दिल्या, ज्या जवळजवळ ९० टक्के उघडतात, आणि हॉलला तीन ट्रॅकचं स्लायडिंग दिलं, तर आकडा ९.८ पर्यंत जातो. हवे आहेत १०. म्हणजे एक चौरस फूटही जास्त न बांधता घर जवळजवळ निकषात बसतं.

वरच्या मजल्यांवर बाहेर उघडणारी खिडकी वाऱ्यानं आपटते ही तक्रार खरी आहे. त्यासाठी चांगल्या प्रतीचे फ्रिक्शन स्टे (खिडकी उघडी असताना जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) लागतात आणि ग्रिल आतून घ्यावी लागते. हे टेंडरमध्ये नावानिशी लिहा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यानंतर सभासद खिडक्या बांधून ठेवतील. पावसाळ्याचंही बघा. जूनपासून चार महिने तिरका पाऊस येतो. छज्जा नसला की खिडकी बंद, खिडकी बंद की पंखा पुरत नाही, मग भिंतींना ओल आणि कपाटांना बुरशी. पाऊस पडत असताना उघडी ठेवता येते तीच खिडकी आपल्या हवेत कामाची. नव्या टॉवरचा चेहरा सपाट दिसावा म्हणून छज्जे काढून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. जुन्या चार मजली इमारतीत तुम्हाला जे मिळत होतं ते निदान कमी तरी होऊ नये.

तिसरा निकष भिंत. २२ मजल्यांची इमारत म्हटलं की बिल्डर बहुधा अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्क वापरेल, ज्याला सगळे मिवान म्हणतात. त्याचे फायदे खरे आहेत: काम वेगानं होतं, भिंती सरळ येतात, गळती कमी असते, भूकंपात बांधकाम मजबूत ठरतं. पण त्यात बाहेरच्या भिंतीही १५०-१६० मिलिमीटरच्या काँक्रीटच्या असतात, आणि उष्णतेच्या दृष्टीनं काँक्रीट ही वाईट भिंत आहे. भिंतीतून किती उष्णता पार होते याचं माप म्हणजे यू-व्हॅल्यू. दर चौरस मीटरला, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना किती वॅट जातात ते त्यावरून कळतं. आकडा जितका लहान तितकी भिंत चांगली. अशा काँक्रीट भिंतीची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या वर जाते. तुमच्या आजच्या इमारतीतली नऊ इंची प्लास्टर केलेली विटांची भिंत दोनच्या आसपास असते. आठ इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत पाऊणच्या आसपास. म्हणजे जुनं पाडून नवीन बांधताना तुमच्या भिंतीतून येणारी उष्णता पावणेदोन पट होऊ शकते, आणि थोडी काळजी घेतली तर निम्म्याच्याही खाली येऊ शकते. सभेत एकच आकडा सांगायचा असेल तर हा सांगा.

उपाय आहेत. जिथे भिंत इमारतीचा भार घेत नाही तिथे बाहेरच्या बाजूला एएसी ब्लॉक भरता येतात. मात्र ब्लॉक आणि काँक्रीट जिथे भेटतात त्या सांध्यावर जाळी लावून मगच प्लास्टर करायला हवं, नाहीतर तिथे तडा जातो आणि पावसाळ्यात तिथूनच ओल येते. साइटवर हे कुणी पाहत नाही. तुमच्या पीएमसीच्या इंजिनिअरला ते मजल्यागणिक तपासायला लावा. पूर्ण मिवानच असेल तर निदान पश्चिम आणि पूर्वेच्या भिंतींना इन्सुलेशन मागा. आतून लावलं तर दीड-दोन इंच कार्पेट जातो, त्यामुळे कार्पेट मोजताना ते धरायचं की नाही हे आधीच ठरवा. बाहेरून लावलं तर आपल्या पावसात त्याचं फिनिशिंग टिकेल याची हमी घ्या. रंग फिका ठेवा. गडद राखाडी रंग सध्या फार चालतो, पण तो पश्चिमेच्या भिंतीवर नको.

भिंत, काच, छज्जा आणि दिशा या सगळ्यांचा एकत्रित हिशेब म्हणजे आरईटीव्ही. छत सोडून बाकी बाहेरच्या अंगातून घरात किती उष्णता येते त्याची ही सरासरी, आणि इको निवास संहितेत तिची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट आहे. कोणत्याही आर्किटेक्टला खिडक्यांची यादी आणि प्लॅन हातात असताना हे गणित करायला एक-दोन दिवस पुरतात. तिन्ही बिल्डरांकडून हा एक आकडा, गणितासकट मागा. ज्याच्या टेबलावर तो तयार असेल त्यानं डिझाइनवर खरंच विचार केला आहे.

शेवटच्या मजल्याच्या सभासदांसाठी एवढंच: गच्चीच्या स्लॅबची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत हवी. त्यासाठी कोब्याखाली २५ ते ४० मिलिमीटरचं एक्सपीएस इन्सुलेशन (फोमचे कडक तक्ते) पुरतं आणि वर पांढरी चायना मोझेक (फुटक्या चकचकीत टाइल्सच्या तुकड्यांचा थर). चायना मोझेक आपल्याकडे फार आधीपासून आहे आणि आजही तिच्याइतका टिकाऊ पांढरा थर मला ठाऊक नाही.

चौथा निकष पाणी. इथे कागद आणि वस्तुस्थिती यांत सर्वांत जास्त अंतर पडतं, म्हणून थोडा हिशेब मांडतो. ८० फ्लॅट, सरासरी साडेचार माणसं, म्हणजे ३६० जण. दरडोई १३५ लिटर धरले की रोजची गरज ४८,६०० लिटर. त्यातले ४५ लिटर फ्लशचे, म्हणजे रोज १६,२०० लिटर पिण्यायोग्य पाणी संडासात जातं. आता गच्ची ५०० चौरस मीटर धरा. वर्षाला २,४०० मिलिमीटर पाऊस आणि १५ टक्के वाया धरला तर वर्षभरात साधारण १० लाख लिटर मिळतात. ऐकायला मोठं वाटतं, पण ती तुमची फक्त २१ दिवसांची गरज आहे, आणि तो सगळा पाऊस चार महिन्यांतच पडतो. त्यामुळे ‘रेनवॉटर हार्वेस्टिंगमुळे इमारत पाण्याबाबत स्वयंपूर्ण होईल’ असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका.

मग ते करायचं कशासाठी? जुलैमध्ये साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. तुमच्या गच्चीवरून त्या महिन्यात रोज सरासरी ११,००० लिटर पाणी येतं. ते पहिल्या सरीचं पाणी सोडून, गाळून, ३० हजार लिटरच्या वेगळ्या टाकीत घेतलं आणि फ्लशच्या लाइनला जोडलं, तर फ्लशची दोन तृतीयांश गरज त्यातून भागते. यासाठी एकच अट आहे: फ्लशची पाइपलाइन पिण्याच्या पाण्यापासून वेगळी हवी. हे ड्युएल प्लंबिंग बांधतानाच करावं लागतं. राहायला गेल्यावर ८० फ्लॅटचे संडास कुणी फोडत नाही. हीच लाइन उद्या सांडपाणी शुद्ध करून वापरायलाही कामी येते, आणि मग उरलेले आठ महिनेही फ्लशला ताजं पाणी लागत नाही.

जमिनीत पाणी मुरवणं हा वेगळा विषय. त्यासाठी प्लॉटवर खड्डा घेऊन पाणी किती वेगानं मुरतं याची चाचणी आधी करा. आपल्या भागात खाली बेसॉल्ट आहे. वरचा झिजलेला, भेगांचा थर चांगला असेल तर पाणी मुरतं, कातळ वर आला असेल तर ते खड्ड्यात उभं राहतं. नवी मुंबईत खाडीलगतच्या भराव जमिनीवर, म्हणजे वाशी-सानपाड्याच्या काही सेक्टरमध्ये, खाली चिखल आणि खारं पाणी असतं. तिथे रिचार्ज पिट हे फक्त परवानगीपुरतं काम ठरतं, पाणी टाकीतच साठवावं. नियमांनुसार ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला हार्वेस्टिंग लागतंच, तेव्हा खर्च होणारच आहे. तो उपयोगाच्या जागी व्हावा एवढंच बघायचं.

एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, बसणार असेल तर त्याच्या यंत्रापेक्षा तो चालवण्याच्या खर्चाकडे जास्त लक्ष द्या. एका सोसायटीत मी पाहिलं, हस्तांतरणानंतर वर्षभरात एसटीपी बंद पडला होता, कारण ऑपरेटरचा पगार आणि विजेचं बिल मेंटेनन्समध्ये धरलेलंच नव्हतं. वासही येत होता, कारण त्या खोलीला हवा जायला वाटच ठेवली नव्हती. महिन्याचा अंदाजे खर्च, स्वतंत्र वीज मीटर, आणि पहिलं एक वर्ष बिल्डरनं चालवून दाखवणं, या तीन गोष्टी करारात हव्यात.

विजेबद्दल थोडक्यात. २२ मजली इमारतीच्या गच्चीवर टाक्या, लिफ्टची खोली, जिना वजा केले की सोलरला निम्मी जागा उरते. एका किलोवॅटला सावलीविरहित साधारण १० चौरस मीटर लागतात, म्हणजे २५ किलोवॅट बसतील आणि वर्षाच्या सरासरीनं रोज १०० युनिटच्या आसपास मिळतील. तुमचं सगळं पाणी ७५ मीटर वर चढवायला रोज साधारण २० युनिट लागतात. पंप, कॉमन लाइट आणि लिफ्टचा काही भाग सोलरवर चालू शकतो, फ्लॅटची वीज नाही. पीएम सूर्यघर योजनेत हाउसिंग सोसायट्यांना सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. एसीचे बाहेरचे युनिट कुठे बसणार तेही प्लॅनवर दाखवायला सांगा. अरुंद डक्टमध्ये एकाखाली एक युनिट लावले की खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यांचे एसी तीच गरम हवा ओढतात. बिल वाढतं ते त्यामुळे.

साहित्याबाबत माझा आग्रह दोन गोष्टींचा. सिमेंट बनवताना चुनखडी भाजली जाते आणि तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टीचं इंधन वेगळं. म्हणून फ्लायअ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेलं सिमेंट वापरा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड गंजण्यापासून वाचवायलाही ते चांगलं. आणि पोडियमवर (टॉवरच्या खालच्या पार्किंगच्या मजल्यांच्या छतावर) खांब तोडून खाली पार्किंगसाठी दुसरीकडे नेले आहेत का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. त्यासाठीचे अवजड गर्डर जेवढं काँक्रीट आणि लोखंड खातात, ते कुठल्याही ग्रीन टाइल्सनं भरून निघत नाही.

जुनी इमारत पाडताना सागवानी दारं-खिडक्या, लोखंड, फरशा वेगळ्या काढून घ्या, आणि राडारोडा कुठे गेला याच्या पावत्या सोसायटीकडे मागा. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि रात्रीच्या अंधारात कांदळवनात रिकामे होणारे डंपर आपल्याच इमारतींतून निघालेले असतात. तुमच्या इमारतीचा राडारोडा तिथे जाणार नाही एवढं तुमच्या हातात नक्की आहे.

हे सगळं करारात कसं उतरवायचं? ‘इमारत ग्रीन असेल’ हे वाक्य कायद्यात उपयोगाचं नाही. डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटला एक वेगळं परिशिष्ट जोडा आणि त्यात आकडेच लिहा: आरईटीव्ही १५ च्या आत, उघडणाऱ्या खिडक्या कार्पेटच्या एक षष्ठांश, प्रत्येक फ्लॅटला दोन दिशा, पश्चिमेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू, गच्चीची यू-व्हॅल्यू, ड्युएल प्लंबिंग, पावसाच्या पाण्याच्या टाकीची क्षमता, सोलरचे किलोवॅट. प्लॅनमध्ये बदल करायचा झाला तर हे आकडे पुन्हा काढून कमिटीची लेखी संमती घ्यावी, अशी अट घाला, कारण सगळी चांगली कलमं ‘रिव्हाइज्ड प्लॅन’मध्येच गळून पडतात. अंतिम सर्टिफिकेट हाती येईपर्यंत बिल्डरकडून घेतलेल्या बँक गॅरंटीचा एक भाग सोडू नका. रेरा कायद्यात पाच वर्षांची दोष-दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरवर आहेच, तिच्यात हे परिशिष्टही येतं असं स्पष्ट लिहून घ्या.

राहिला तुमचा तिसरा बिल्डर. त्याला ग्रीनचं नाव माहीत नसेल म्हणून बाद करू नका, आणि कार्पेट जास्त आहे म्हणून पुढेही नेऊ नका. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे बिल्डर निवडण्यासाठी सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विशेष सभा होईल. तिच्या आधी तिघांनाही एकच पत्र, एकाच तारखेला पाठवा. सोबत वरच्या आकड्यांचा रिकामा तक्ता जोडा आणि उत्तर दिशेचा बाण असलेला टिपिकल फ्लोअर प्लॅन व खिडक्यांची यादी मागवा. पंधरा दिवसांची मुदत द्या. तिघांचे भरलेले तक्ते शेजारी शेजारी ठेवून सभासदांना वाटा. त्या तिसऱ्याचा जास्तीचा कार्पेट बाल्कनी आणि छज्जे कापून काढलेला आहे की खरंच चांगल्या प्लॅनिंगमधून आला आहे, हे त्याच कागदावर दिसेल.